काम आपलं, दाखला त्यांचा: सोलापूरच्या ठेकेदारांनी टेंडरमध्ये नेमकं कुठे लढावं

सोलापुरातल्या एका तरुण ठेकेदाराचा प्रश्न आहे. रस्ते, गटारी, ड्रेनेजची जी कामं पूर्वी तुकड्या-तुकड्यांनी निघायची, ती आता एकत्र करून एकच मोठं टेंडर काढतात. ते बाहेरच्या जिल्ह्यातली, कधी परराज्यातली कंपनी घेते, आणि प्रत्यक्ष साईटवर काम मात्र आम्हीच करतो, त्यांच्या हाताखाली, पडेल त्या दरात. स्थानिकांसाठी आरक्षण मागता येईल का? नसेल तर आमच्यासारख्यांनी करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्या मागणीत आपल्या लोकांची बरीच वर्षं वाया गेली आहेत. "सोलापूरचाच ठेकेदार पाहिजे" अशी अट कुठल्याही खुल्या टेंडरमध्ये टिकणार नाही. सरकार ज्या पैशातून काम देतं तो सगळ्यांचा पैसा, त्यामुळे संविधानाच्या कलम 14 प्रमाणे समान संधी द्यावी लागते आणि कलम 19(1)(छ) प्रमाणे कुणालाही देशात कुठेही धंदा करता येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडचं एक प्रकरण निकाली काढलं. सरकारी शाळांना क्रीडासाहित्य पुरवण्याचं टेंडर होतं आणि अट अशी होती की पुरवठादाराने आधी छत्तीसगडच्याच सरकारी संस्थांना सहा कोटींचा पुरवठा केलेला असावा. न्यायालयाने ती अट रद्द केली. बाहेरच्याला दार बंद करणारी अट म्हणजे समान मैदान नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तेव्हा उद्या एखाद्या अधिकाऱ्याने आपल्या आग्रहाखातर अशी अट घातलीच, तर बाहेरची कंपनी ती उडवून लावेल आणि काम वर्षभर लटकेल.

आणखी एक गैरसमज. केंद्राचा 2017 चा "मेक इन इंडिया" प्राधान्याचा आदेश दाखवून काही जण म्हणतात की "लोकल सप्लायर"ला प्राधान्य आहे. त्या आदेशातला लोकल म्हणजे भारतीय. मालात किमान 50 टक्के देशी मूल्य असेल तर पहिल्या वर्गाचा लोकल पुरवठादार, इतकंच. सोलापूर आणि हैदराबाद त्या आदेशाच्या नजरेत सारखेच.

पण याच छत्तीसगडच्या निकालात आपल्या कामाची गोष्ट दडलेली आहे. कामाशी संबंध नसलेली आणि स्पर्धा अडवणारी अट न्यायालय मोडतं, हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू होतं. स्थानिकाला अडवणारी अवास्तव अटही त्याच मोजमापाने तपासता येते. म्हणून आरक्षण मागण्यापेक्षा टेंडरच्या अटी वाचायला शिका.

खरा खेळ पॅकेजच्या आकारात आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये पूर्वअर्हतेसाठी, म्हणजे टेंडरला पात्र ठरण्यासाठी, जे मोजमाप सांगितलं, तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे वापरलं जातं: मागच्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामं, प्रत्येकी अंदाजपत्रकाच्या 40 टक्के रकमेची, किंवा दोन कामं 50 टक्क्यांची, किंवा एक काम 80 टक्क्यांचं. शिवाय मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजपत्रकाच्या किमान 30 टक्के. आता आकडे घालून बघा. दोन-दोन कोटींची सहा कामं वेगवेगळी निघाली, तर पात्र व्हायला 80 लाखांची तीन कामं किंवा 1 कोटी 60 लाखांचं एक काम आणि 60 लाखांची उलाढाल पुरते. आपल्या जिल्ह्यात असे ठेकेदार बार्शीला आहेत, पंढरपूरला आहेत, अक्कलकोटलाही आहेत. तीच सहा कामं एकत्र करून 12 कोटींचं एक टेंडर केलं, की 4 कोटी 80 लाखांची तीन कामं किंवा 9 कोटी 60 लाखांचं एक काम आणि 3 कोटी 60 लाखांची उलाढाल लागते. रस्ता तोच, मुरूम तोच, काळी माती तीच. फक्त कागदावर सहाची एक ओळ झाली आणि जिल्ह्यातले बहुतेक ठेकेदार पहिल्याच, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या तांत्रिक लिफाफ्यात बाद.

एकत्रीकरणाचं दुसरं नुकसान फारसं कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात लहान कामांचा ठरावीक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना मिळतो, आणि ही वाटणी जिल्हा पातळीवरच्या काम वाटप समितीतून होते. स्थानिकांना मिळणारं कायदेशीर संरक्षण व्यवहारात हेच. पण त्याला रकमेची मर्यादा आहे. कामं जोडून ती मर्यादा ओलांडली की हा वाटाच नाहीसा होतो. म्हणून स्थानिकांवर अन्याय झाला असं म्हणायचं असेल तर बोट इथे ठेवा.

याचा अर्थ मोठं टेंडर नेहमी चुकीचंच, असं मी मानत नाही. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी सुमारे 110 किलोमीटरची. ते काम तुकड्यांत वाटलं असतं तर जोडांची जबाबदारी कुणाचीच राहिली नसती. ज्या कामाला एकच डिझाइन, एकच चाचणी आणि एकच जबाबदार माणूस हवा, तिथे मोठी कंपनी यावी, आपण तिच्याकडून शिकावं. मात्र सहा वेगवेगळ्या वस्त्यांतल्या गटारी एकमेकींना जोडलेल्याही नसतात. त्या एका टेंडरमध्ये बांधायला तांत्रिक कारण काय, हे विचारायचा हक्क प्रत्येक ठेकेदाराला आहे, आणि नागरिकालाही.

विचारायची जागा आहे निविदापूर्व बैठक, म्हणजे टेंडर भरायच्या मुदतीआधी खातं ठेकेदारांच्या शंका ऐकतं ती. आपले लोक इथे कमी पडतात, हे मी फार तळमळीने सांगतोय. टेंडर राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर आल्याचं बहुतेकांना शेवटच्या चार-पाच दिवसांत कळतं. मग डिजिटल सही शोधा, बयाणा भरा, ऐपतीचा दाखला काढा, यात बैठकीची तारीख निघून गेलेली असते. पाकीट उघडून बाहेरची कंपनी आल्यावर मग निवेदन, आमदारांची भेट, उपोषणाचा इशारा. तोपर्यंत दगडावरची रेघ ओढून झालेली असते. बैठकीच्या आधी दिलेल्या लेखी हरकतीला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि मुद्दा पटला तर शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रकाने अट बदलली तर ती सगळ्यांसाठी बदलते.

हरकत कशी लिहायची? "स्थानिकांवर अन्याय होत आहे, तरी विचार व्हावा" हे वाक्य फाईलमध्ये झोपतं. त्याऐवजी असं लिहा:

"निविदा क्र. अमुक, अट क्र. अमुक. समान काम म्हणून फक्त काँक्रीट रस्ता धरला आहे. या निविदेत काँक्रीट रस्त्याची किंमत एकूण अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी असून उर्वरित काम बंदिस्त गटार व पेव्हर ब्लॉकचे आहे. तरी गटार व पेव्हरचा अनुभवही ग्राह्य धरावा. तसेच सहा ठिकाणची कामे एकमेकांवर अवलंबून नसल्याने ती स्वतंत्र निविदांत काढावीत, अन्यथा एकत्र करण्याचे तांत्रिक कारण लेखी कळवावे."

यात कुठेही "स्थानिक" हा शब्द नाही. तरीही ही हरकत मान्य झाली तर सर्वांत जास्त फायदा स्थानिकांनाच होईल. चार-पाच ठेकेदारांनी स्वतंत्रपणे, आपापल्या भाषेत ती दिली तर वजन वाढतं.

समान कामाच्या व्याख्येसोबत प्लांटची अटही बघा. डांबरी मालाचा हॉटमिक्स किंवा तयार काँक्रीटचा आरएमसी प्लांट स्वतःचाच हवा, की दुसऱ्या प्लांटशी केलेला करार चालेल? कामापासून किती अंतरात? डांबरी माल ठरावीक तापमानात साईटवर पोचला पाहिजे, त्यामुळे अंतराची मर्यादा योग्यच आहे आणि ती आपल्या बाजूची आहे. मालकीचाच प्लांट हवा ही अट मात्र लहान ठेकेदाराला मारते. करार ग्राह्य धरावा, अशी हरकत घेतलीच पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत जास्त बोचलेला भाग: काम आम्हीच करतो, त्यांच्या हाताखाली. दराचं नुकसान तुम्हाला दिसतं. त्याहून मोठं नुकसान दाखल्याचं आहे. सरकारी ठेक्यात लेखी परवानगीशिवाय काम पोटठेक्याने देताच येत नाही. त्यामुळे ती कंपनी तुम्हाला कागदावर दाखवत नाही. तुम्ही कधी मजूर पुरवठादार असता, कधी मशिनरी भाड्याने देणारे, कधी काहीच नसता. काम पूर्ण झालं की कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा पूर्णत्वाचा दाखला कंपनीच्या नावाने निघतो. तिची पात्रता वाढते, तुमची तिथेच राहते, आणि पुढच्या टेंडरला तीच कंपनी तुम्हाला त्याच अटीवर हरवते, तीही तुम्ही करून दिलेल्या कामाच्या जोरावर. हे चक्र पाच-सात वर्षं चाललं की तुमचे स्वतःचे जुने दाखलेही सात वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात.

म्हणून कुणाच्या हाताखाली काम घेताना दराच्या आधी कागद मागा. कंपनीने खात्याकडून पोटठेक्याची लेखी परवानगी घ्यावी, तुमच्या नावाने करार व्हावा, पैसे बँकेतून टीडीएस कापून यावेत आणि प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत (26एएस) दिसावेत. कंपनी तयार नसेल तर किमान मोठ्या कामांत नको म्हणायची ताकद ठेवा. रोखीने होणाऱ्या कामातून घर चालतं, पण फर्म मोठी होत नाही.

स्वतःच्या नावावरच्या कामाचा दाखलाही नीट घ्या. नुसतं "काम समाधानकारक पूर्ण" लिहिलेला कागद पुढे उपयोगी पडत नाही. करारनामा क्रमांक, स्वीकृत रक्कम, अंतिम बिलाची रक्कम, सुरुवातीची तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष पूर्णत्वाची तारीख, मुदतवाढ दंडासह की दंडाविना, आणि मुख्य बाबींचं प्रमाण, म्हणजे किती घनमीटर काँक्रीट, किती टन डांबरी थर, हे सगळं त्यात असायला हवं. अलीकडे बऱ्याच टेंडरांत प्रमाणाची अट असते, आणि तो आकडा नसल्यामुळे चांगली कामं केलेले लोक बाद होतात. अंतिम बिल झालं त्याच महिन्यात दाखला काढा. ज्या साहेबांनी काम पाहिलं त्यांची बदली झाली की नवीन साहेब मोजमाप पुस्तिका उघडायला तयार नसतात.

दुसरा अडथळा निविदाक्षमतेचा, म्हणजे हातातलं काम धरून आणखी किती रकमेचं काम तुम्ही घेऊ शकता याचा. सूत्र असं: अ गुणिले न गुणिले 2, वजा ब. अ म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षात केलेलं काम, न म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे हातातलं शिल्लक काम, जे त्याच मुदतीत करायचं आहे. काही टेंडरांत 2 ऐवजी वेगळा गुणक असतो. समजा तुमचं सर्वोत्तम वर्ष 4 कोटींचं, नवं काम 12 कोटींचं, मुदत दीड वर्ष, हातात 3 कोटींचं काम. 4 गुणिले दीड गुणिले 2 म्हणजे 12, वजा 3, उरले 9 कोटी. बाद. इथून एक गोष्ट लक्षात घ्या: एका वर्षात बिलं एकवटून निघाली तर तुमचा "अ" वाढतो. रेंगाळत, तीन वर्षांत पसरून केलेलं काम तुमची क्षमता कागदावर कायमची छोटी दाखवतं. वेळेत काम पूर्ण करण्याचा हा फायदा दंड वाचण्याहून मोठा आहे.

एकट्याने हे गणित बसत नसेल तर संयुक्त भागीदारी हाच मार्ग. सोलापूरच्या लोकांना भागीदारीचं वावडं आहे असं मला वाटतं. सूत आणि चादरीच्या धंद्यात जे विश्वासावर चालतं, ते ठेकेदारीत कुणी करायला धजत नाही. एकाचा रस्त्याचा दाखला, दुसऱ्याचा ड्रेनेजचा, तिसऱ्याची उलाढाल असे दोघे-तिघे एकत्र आले तर 12 कोटींचं टेंडर आवाक्यात येतं. आधी टेंडरमध्ये भागीदारी चालते का, किती जणांची, मुख्य भागीदाराकडे किमान किती वाटा हवा, हे बघा. करार नोंदवताना प्रत्येकाची आर्थिक टक्केवारी स्पष्ट लिहा, कारण पुढे अनुभवाचा दाखला त्याच टक्केवारीत वाटला जातो. मोठ्या कंपनीबरोबर 26 टक्क्यांची अधिकृत भागीदारी मिळाली तरी ती शंभर टक्के पोटठेक्यापेक्षा कितीतरी चांगली. तुम्ही जे हाताने करता त्याचा काही भाग तरी तुमच्या नावावर राहतो.

दराबद्दल थोडक्यात. बाहेरची कंपनी 20-25 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून तितक्या कमी दराने भरते तेव्हा तिच्याकडे बहुतेक वेळा रिकामी उभी यंत्रं, स्वतःचं क्रशर आणि बँकेची मोठी मर्यादा असते. तिच्या आकड्याशी बरोबरी करायला जाऊ नका. फार खाली गेलं की अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि ती तुमच्या खेळत्या भांडवलातून जाते. बिलातून प्राप्तिकराचा टीडीएस, 2 टक्के जीएसटी टीडीएस, 1 टक्का कामगार उपकर आणि अनामत कापली जाते. मुरूम-खडीच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही. बीओक्यूच्या (कामाच्या बाबी आणि दरांच्या तक्त्याच्या) दरात जीएसटी धरलेला आहे की वेगळा मिळणार, हे प्रत्येक वेळी तपासा. 18 जुलै 2022 पासून सरकारी बांधकामांवरचा कर 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा करासह दर भरलेल्या कित्येकांचा नफा तिथेच संपला.

तुमचा खरा फायदा दरात नसून जमिनीच्या माहितीत आहे. दक्षिण सोलापुरात, मंगळवेढ्यात काळी माती किती खोल आहे, पावसात ती किती फुगते आणि उन्हाळ्यात किती भेगाळते, सीना-भीमेच्या काठावर खोदताना पाणी कुठे लागतं, कुठल्या खाणीची खडी चांगली, हे तुम्हाला माहीत आहे. दर भरताना त्याचा वापर करा. बाहेरचा माणूस सरासरीवर दर लावतो आणि खोदकामात अडकतो.

आणि दर भरण्याआधी पैसा कुठून येणार ते शोधा. प्रशासकीय मान्यता झाली आहे का, लेखाशीर्ष कुठलं, जिल्हा नियोजनचा निधी की राज्याचा, तरतूद प्रत्यक्ष किती आणि मंजूर कामं किती. 2025 मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले ठेकेदार रस्त्यावर उतरले होते. मोठी कंपनी वर्षभर थांबू शकते, आपण थांबलो तर व्याजात संपतो. इथे उद्यम नोंदणीवर, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्राकडे केलेल्या नोंदणीवर, फार भिस्त ठेवू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांना 45 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास व्याज देणारा 2006 चा कायदा आहे, पण बांधकामाचा ठेका त्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. केंद्राच्या खरेदी धोरणातली लघुउद्योगांची 25 टक्के खरेदीही माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामासाठी नाही.

माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना मात्र ती दारं उघडी आहेत, आणि सोलापूरकर ती पुरेशी वापरत नाहीत. फताटेवाडीचा 1320 मेगावॉटचा एनटीपीसी प्रकल्प केंद्राचा उपक्रम आहे, त्याला हे धोरण लागू आहे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी करून देखभाल, वाहनं, साफसफाई, सुटे भाग यांत सोलापूरची लहान फर्म उतरू शकते. एकत्रीकरणाने काय होतं याचा धडा गणवेशवाल्यांनी आपल्या डोळ्यांदेखत घेतला आहे. 2024-25 मध्ये "एक राज्य एक गणवेश" म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. सोलापूर हे गणवेश शिवणाऱ्यांचं शहर, पण इतक्या मोठ्या एकाच ऑर्डरपुढे इथल्या छोट्या उत्पादकाला उभंच राहता येईना. मुलांना गणवेश उशिरा मिळाले, तक्रारी झाल्या, आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. उद्योजकांनी केलेली मागणी, पालकांची नाराजी आणि उशिराचा हिशेब एकत्र आला म्हणून धोरण फिरलं. बांधकामातही लहान पॅकेजची बाजू मांडताना हाच मार्ग धरा: नागरिकाला काय मिळतं ते दाखवा.

एका गोष्टीपासून कडक दूर राहा. बाहेरच्याला अडवण्यासाठी स्थानिकांनी "रिंग" करायची, कुणी कुठलं काम घ्यायचं ते बसून ठरवायचं, बाकीच्यांनी सपोर्ट टेंडर (हरण्यासाठीच, वरच्या दराचं) भरायचं, हे सर्रास सुचवलं जातं. स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 खाली हा सरळ गुन्ह्यासारखा दंडनीय प्रकार आहे. अशी रिंग सिद्ध झाली तर प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यांपैकी जास्त असेल तो दंड होऊ शकतो, वर काळी यादी वेगळी. एकत्र येऊन हरकती घेणं वेगळं आणि दर ठरवणं वेगळं. तुमच्या संघटनेच्या बैठकीत दराचा विषय निघाला तर उठून बाहेर या.

शेवटी कोर्टाबद्दल. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालात तर आधी कारण लेखी मागा, आणि माहिती अधिकारात तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता बघा. विजेत्याने जोडलेल्या दाखल्यांची यादी मिळाली तर तपासून बघा. जी अट तुम्हाला लावली ती त्याला शिथिल केली असेल, तर 1979 च्या रमणा शेट्टी निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की सरकारने स्वतः घातलेल्या पात्रतेच्या अटी स्वतः पाळल्या पाहिजेत. पण टेंडरमध्ये न्यायालयाचा हस्तक्षेप मर्यादित असतो, हे 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून पक्कं आहे. दर जास्त की कमी, कंपनी चांगली की वाईट, यात न्यायालय जात नाही. अटच भेदभावाची असेल तर ती टेंडर भरायच्या मुदतीआधी आव्हान द्यायची. भाग घेऊन हरल्यावर अटीवर बोट ठेवलं की पहिला प्रश्न येतो, मग भरलं कशाला? ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाकडे जाताना निविदापूर्व बैठकीच्या आधी दिलेल्या हरकतीची पोचपावती सोबत न्या. ती नसेल तर आधी ती हरकत द्या, मग वकिलाची वेळ घ्या.